भारतीवरून गोव्याशी बोलायचं तर

अंटार्क्टिकाला निघालेला नवा संपर्क-अभियंता भेटला की मी त्याच्या जाड कोटाची चौकशी करत नाही. डिशच्या समोर काय येणार आहे, ते विचारतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. 74 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह गोव्यातून बघायला डिश 70 अंशांच्याही वर उचलावी लागते. अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांमधल्या आपल्या ‘भारती’ स्थानकावरून तोच उपग्रह क्षितिजापासून जेमतेम 12 अंशांवर दिसतो. आपलं दुसरं स्थानक ‘मैत्री’ त्याहून खूप पश्चिमेला, 12 अंश रेखांशाजवळ. तिथून तो क्षितिजालाच टेकलेला. मैत्रीसाठी पश्चिमेकडचाच उपग्रह हवा. हे गणित गोव्यातच, वास्कोतल्या मुख्यालयात टेबलावर, एका कागदावर होतं. तिथेच उरकून घ्या.

12 अंश म्हणजे काय, हे जहाज रिकामं होताना कळतं. एकावर एक ठेवलेले दोन कंटेनर 5 मीटरच्या वर जातात. डिशपासून साधारण 25 मीटरच्या आत उत्तरेला ते आले की लिंक गेली. सामान उतरवणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. उन्हाळ्यातच डिशच्या उत्तरेला दोर बांधा. भांडणं नंतर हिवाळ्यात करायला पुष्कळ वेळ असतो.

उत्तर मात्र होकायंत्राने शोधू नका. भारतीला सुई खऱ्या उत्तरेपासून 70 अंशांहून जास्त ढळलेली असते. जीपीएसवर दोन बिंदू घ्या आणि त्यावरून रेषा आखा.

आता सूर्याचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी लिंक काही मिनिटं पडायची, मग आपोआप यायची. स्थानकावरच्या जुन्या वहीत अशाच दिवसांतली नोंद सापडली: कनेक्टर बदलला, दोष दूर झाला. दोष कनेक्टरचा नव्हताच. त्या दिवसांत दुपारचा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. काही दिवसांनी सूर्य सरकतो आणि श्रेय कनेक्टरला मिळतं. ऑगस्ट संपता संपता हाच खेळ पुन्हा. गोव्याच्या टोकाला हे मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर होतं, कारण तिथून उपग्रह आकाशात वेगळ्या जागी दिसतो. म्हणजे एकाच लिंकला वर्षातून चार वेळा ग्रहण. चारही काळ आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. नाहीतर कुणीतरी उणे वीसमध्ये हातमोजे काढून पाने चालवत बसेल.

साध्या पीव्हीसी आवरणाच्या केबल तिथे वाकवल्या की तडकतात, तेव्हा अतिथंडीसाठी बनवलेल्याच न्या. आणि मोजून नव्हे, जास्त न्या. मार्चनंतर जहाज येत नाही.

डिशवर सगळी भिस्त ठेवू नका. एचएफ रेडिओ सौर वादळात, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, मुका होऊ शकतो. इरिडियमचे 66 उपग्रह ध्रुवांवरून फिरतात आणि तिथेच एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. म्हणून त्यांचा हँडसेट या भागात चांगला चालतो. वेग किरकोळ, पण डॉक्टरशी बोलण्यापुरता पुरे. बर्फावर जाताना तो कोटाच्या आतल्या खिशात असू द्या, बाहेरच्या खिशात बॅटरी पाहता पाहता बसते. दर आठवड्याला एकदा गोव्याला फोन लावून बघा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाला लावू द्या.