हाडं हातात घे, पोरी

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नंबर लागला, झकास झालं. परळ मिळालं नाही म्हणून तोंड पाडू नकोस. परळचं कॉलेज १८८६चं, मान मोठा, कबूल. पण पदवी दोन्हीकडे नागपूरच्या ‘माफसू’ विद्यापीठाचीच, आणि गायीच्या बरगड्या दोन्हीकडे तेरा जोड्याच.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी सगळ्यांना रडवते. पुस्तकातलं चित्र पाठ करून हाड कळत नाही. स्कॅप्युला म्हणजे आपला फरा. तो घे, डोळे मीट, बोटांनी चाचप आणि सांग, डावा की उजवा? मधल्या उंच धारेच्या खालच्या टोकाला पुढे आलेला कोंब लागला तर बैलाचा, धार नुसतीच विरून गेली तर घोड्याचा. तोंडी परीक्षेत ट्रेमधलं हाड तुझ्या हातात ठेवतात, तेव्हा हीच सवय कामाला येते. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नकोस. नखं कापलेली हवीत.

सकाळी जे शवावर बघितलंस, ते संध्याकाळी फार्मवरच्या जिवंत गायीवर शोध. मागून गुपचूप जाऊ नकोस, आधी आवाज दे. गायीची लाथ नुसती मागे जात नाही, बाजूला गोल फिरून येते. डाव्या भकाळीत मूठ दाबून उभी राहा. मिनिटाला एक-दोनदा रुमेनची, म्हणजे मोठ्या पोटाची, लाट मुठीला वर ढकलते. ही लाट ओळखीची झाली की पुढच्या वर्षांतलं निम्मं मेडिसिन सोपं जातं. रुमेनच्या पुढे जाळीचं पोट, पुढे पातळ पडदा, आणि लगेच हृदय. वैरणीतून गेलेली तार जाळीत अडकली तर कुठवर टोचेल, हे मग कुणी शिकवावं लागत नाही.

बायोकेमिस्ट्रीला पोरं नावं ठेवतात. ठेवू देत. लग्नातला उरलेला भात नि पोळ्या मायेने गायीपुढे ओतल्या जातात, रात्रीत पोटात लॅक्टिक ॲसिड माजतं आणि सकाळी गाय आडवी! गावोगाव घडणारी गोष्ट आहे ही. नुकती व्यालेली गाय मान कुशीत वळवून बसली तर कॅल्शियम लागतं, पण शिरेतून सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. घाई केली तर हृदयच थांबतं. हे असं का, ते त्या कंटाळवाण्या तासांतच सांगतात.

एलपीएमसाठी, म्हणजे पशुधन व्यवस्थापनासाठी, जनावरांचा बाजार गाठ. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, हे दात बघून तिथले म्हातारे क्षणात सांगतात. मालकाला विचारून तूही जबडा उघडून बघ. गायीला वरचे पुढचे दात नसतातच, तेव्हा ते पडले असं म्हणून हसं करून घेऊ नकोस.

नोट्स सिनियरांच्या घे, पण आकृत्या स्वतः काढ.

आणि एक काम टाळू नकोस. कुत्र्या-मांजरांना हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घे. सगळे डोस पूर्ण कर आणि कार्ड जपून ठेव. पुढच्या आठवड्यातच जा.