तुटलेले सुकाणू : दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक

खाडीत किंवा किनाऱ्यालगत चालणाऱ्या लहान शिडाच्या होडीचे लाकडी सुकाणू तुटल्यास त्याच मापाची फळी जोडून काम भागवण्याकडे सर्वसाधारण कल असतो. लाकूड पोखरलेले आढळल्यास वाळवी समजून कीटकनाशकही लावले जाते. परंतु सतत खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लाकडात वाळवी जगत नाही. निदान चुकले, तर नवे सुकाणूही त्याच मार्गाने जाते. खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत सुकाणू निकामी झाल्यास होडी लाटांना आडवी होऊन उलटण्याचा धोका असतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी कारणाचा शोध घेणे अगत्याचे आहे.

तुटलेल्या भागाची तपासणी

तुटलेला तुकडा टाकून न देता छिन्नीने उभा चिरून पाहावा.

• लांब, चिवट व स्वच्छ तंतू दिसल्यास लाकूड निरोगी असून ते आघाताने किंवा अतिताणाने तुटले आहे.
• पाण्याच्या रेषेजवळ लाकूड तपकिरी, ठिसूळ व चौकोनी तडे गेलेले असल्यास ती बुरशीजन्य कूज होय.
• आत पांढऱ्या चुनखडीचे अस्तर असलेले लांब बोगदे आढळल्यास शिपवर्मचा प्रादुर्भाव आहे.
• पृष्ठभागावर पेन्सिल शिरेल एवढी, उथळ व उघडी भोके असल्यास ती बहुधा स्फेरोमा या कवचधारी प्राण्याची असतात.
• पाण्याबाहेरील दांड्याला टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे व पिठासारखा भुसा दिसल्यास तो भुंगेऱ्यांचा उपद्रव होय. वाळवीप्रमाणेच हाही कीटकवर्गातील शत्रू आहे.

शिपवर्म : न दिसणारा शत्रू

नावात ‘वर्म’ असले तरी टेरेडो, बँकिया इत्यादी वंशांतील हे प्राणी कृमी नसून शिंपल्यांचे आप्त आहेत. त्यांची सूक्ष्म अळी लाकडावर स्थिरावून आत शिरते आणि कवचाच्या दातेरी कडांनी लाकूड खरवडत वाढते. बोगदा रुंदावतो; प्रवेशद्वार मात्र जेमतेम टाचणीच्या टोकाएवढे राहते. त्यामुळे वरून धड दिसणारी फळी आतून पोकळ असू शकते. संकटकाळी हा प्राणी छिद्र बंद करून काही आठवडे तग धरतो. होडी दोन-चार दिवस उन्हात ठेवून त्याचा नायनाट होत नाही.

जोड की नवे सुकाणू?

लाकूड निरोगी असेल तरच जोड द्यावा. दोन्ही टोके तिरकी तासून, जाडीच्या किमान आठपट लांबीचा जोड सागरी वापराच्या इपॉक्सीने चिकटवावा. 25 मिलिमीटर जाडीच्या फळीसाठी ही लांबी 200 मिलिमीटर होते. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. कूज किंवा बोगदे आढळल्यास संपूर्ण पान बदलावे.

नव्या पानासाठी सागासारख्या टिकाऊ लाकडाचा गाभा निवडावा. सालीलगतचे फिकट लाकूड घेऊ नये. एका रुंद फळीऐवजी दोन-तीन अरुंद फळ्या, तंतू उभे ठेवून, कडेला कड चिकटवल्यास पान कमी वाकते. बोल्टची छिद्रे मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत व नंतर योग्य मापाने पुन्हा पाडावीत. त्यामुळे पाणी तंतूंत शिरत नाही. आडवी कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात, म्हणून ती काळजीपूर्वक बंद करावीत. शेवटी तांबेयुक्त सागरी रंगाचे लेप द्यावेत. खरचटलेली जागा त्वरित रंगवावी, कारण अळीला शिरण्यास तेवढी उघडी जागा पुरते.

कीटकनाशक नको

पाण्यातील भागावर क्लोरपायरिफॉस किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड वापरू नये. बोगद्यातील शिपवर्मपर्यंत ते पोहोचत नाही. उलट मासे, कोळंबी व खेकडे यांना ते अत्यंत विषारी ठरते. ज्या खाडीवर कुटुंबाची उपजीविका चालते, तीच त्यामुळे बाधित होते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतातील एक पोखरलेले बोंड जसे संपूर्ण प्लॉटची तपासणी सुचवते, तसेच पोखरलेले सुकाणू होडीच्या तळाची तपासणी सुचवते. दोन्ही एकाच पाण्यात असतात. तळ हातोडीने ठोकावा. बद्द आवाज आल्यास अनुभवी सुताराकडून ती जागा उघडून घ्यावी.

प्रादुर्भावाचा अंदाज घेण्यासाठी आंबा किंवा सावरीच्या लाकडाचा बिनरंगी तुकडा होडी बांधण्याच्या जागी पाण्यात टांगावा आणि दोन-तीन महिन्यांनी चिरून पाहावा.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र रोजच्या सवयीचा आहे. सुकाणू खिळींवरून उचलून काढता येते. नवे, निरोगी सुकाणू प्रत्येक फेरीनंतर काढून सावलीत कोरडे ठेवल्यास अळीला लाकडात स्थिरावण्याची संधीच मिळत नाही.