आजचं मनन : लेवीय १४:३३-४५

घराच्या भिंतीत चट्टा दिसला की याजक घर सात दिवस बंद ठेवी. चट्टा पसरला तर ते दगड काढायचे, भिंत खरवडायची, सगळं नगराबाहेर टाकायचं. गिलावा त्यानंतर.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून बागेतल्या बॉक्सवुडच्या कुंपणांवर बुरशीचा करपा पडतो. नुसत्या फांद्या छाटून भागत नाही. बुरशी गळलेल्या पानांत काही वर्षं टिकते आणि पावसाच्या थेंबांनी पुन्हा वर उडते. म्हणून पानं वेचायची, वरची माती खरवडायची, कात्री निर्जंतुक करायची. कंपोस्टमध्ये काहीच नाही.

भावाशी बोलणं सुरू झालंय, पण त्याचे जुने शब्द मनात जपून ठेवलेत का?

प्रभू, तेही आज बाहेर टाकायला बळ दे. आमेन.