कुईकुई कुठून येते?



आपल्या बसवकल्याण-हुमनाबाद भागातून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो. अनेकांच्या घरी वडील किंवा काका ट्रक चालवतात. इंजिनातून कुईकुई आवाज आला की लगेच फॅन बेल्ट बदलला जातो. दोन दिवसांनी आवाज पुन्हा सुरू! कारण न शोधताच उपाय केलेला असतो.

अनुभवी मिस्त्री आधी चालू बेल्टच्या आतील बाजूस दुरून थोडे पाणी मारतो. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसाव्यात. वाढला तर बेल्ट सैल असून घसरत असावा. फरकच पडला नाही तर संशय बेरिंगवर. मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर बेल्ट काढतो आणि अल्टरनेटर, वॉटर पंप यांच्या पुल्या हाताने फिरवून पाहतो. जी खरखरते किंवा डुलते, तिथे दोष.

दुर्लक्ष केले तर? पंपाचे बेरिंग जाम होते, बेल्ट तुटतो, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापून निकामी होते. घरची कमाई थांबते.

१८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लाएनेक यांनी कागदाच्या सुरळीतून रुग्णाच्या छातीचा आवाज ऐकला. त्यातूनच स्टेथोस्कोप आला. मिस्त्रीही लांब स्क्रू ड्रायव्हर कानाशी धरून तेच करतो.

मुलांनो, चालू इंजिनाजवळ हात, ओढणी, सैल बाही नेऊ नका. दुरून पाहा, ऐका, प्रश्न विचारा. गणित चुकले तरी सगळे खोडू नका. एकेक पायरी तपासा.

– मुख्याध्यापक