बूड टेकवण्याआधी

मणक्याला मार लागून कमरेखालची जाणीव गेली, त्याला बरीच वर्षं झाली. या काळात बेडसोर झाला, भरला, पुन्हा तिथेच झाला. व्हीलचेअरवर नव्याने बसलेल्यांसाठी त्यातलं थोडं.

१. बेडसोर मलमाने भरत नाही, त्या जागेवरचं वजन काढल्यावर भरतो. बसलं की सगळा भार ढुंगणातल्या दोन हाडांवर येतो. हाड आणि कुशन यांच्यात चेंगरलेल्या मांसाला रक्त मिळत नाही आणि ते बहुधा आतून, हाडाजवळून मरू लागतं. वर रुपयाएवढी जखम, आत वाटीएवढी पोकळी, असं होऊ शकतं. त्यावर बसून राहिलात तर महागड्या ड्रेसिंगचे पैसे पाण्यात. भेटायला येणारा प्रत्येक जण डॉक्टर असतो: हळद भरा, कडुनिंब वाटून लावा. उघड्या जखमेत असलं काही भरू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं, पण नव्याने येणारं कोवळं मांसही तो जाळतो. सलाइनने धुवा.

२. सकाळ-रात्र आरशात बघा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून घ्या. माकडहाड, बसायची हाडं, खुबे, घोटे, टाचा. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिकट झाला तर रक्त फिरतंय. दाबूनही तसाच राहिला तर बेडसोर सुरू झाला, त्या जागेवर बसणं बंद. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का? डाग चोळायचा नाही. आमच्या आईचा हात लगेच तेलाच्या बाटलीकडे जायचा. तिला थांबवणं सगळ्यात जड गेलं.

३. हातांवर जोर देऊन बूड उचलणं बघणाऱ्याला भारी वाटतं, पण काही सेकंदांत दंड थरथरतात. दबलेल्या जागेत रक्त नीट परतायला दोनेक मिनिटं लागतात, शिवाय खांदे झिजतात ते वेगळंच. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवा, निदान अर्ध्या तासाने एकदा. लग्नाच्या हॉलमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, ‘काय हो, चक्कर येतेय का?’ मी सांगतो, ‘चप्पल शोधतोय.’

४. मधे भोक असलेली रबरी रिंग घेऊ नका, मेडिकलवाला कितीही सांगो. तिच्या कडांचा दाब पडून मधल्या भागाचं रक्त अडतं. हवेचं कुशनही टम्म फुगवलं की दगड होतं. बसल्यावर तळहात कुशनखाली, हाडाच्या बरोबर खाली सारून बघा. हाड आणि तळ यांत दोनेक सेंटिमीटर हवा हवी.

५. मागच्या खिशात पाकीट, किल्ल्या नकोत. जीन्सच्या जाड शिवणी आणि धातूची बटणंही नकोत. मांडीवर गरम डबा तर मुळीच नको. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चड्डी घालू नका. रिक्षात चढताना अंग घासटत नेऊ नका, उचलून ठेवा.

६. डाळी, अंडी, मासे पोटभर. शुगर ताब्यात. तंबाखू बंद.

७. जखमेला घाण वास, ताप, किंवा आत हाड लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याची इजा असेल तर बेडसोरमुळेही बीपी एकदम चढू शकतं. डोकं ठणकतं, घाम फुटतो. अशा वेळी ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, लघवीची नळी दुमडली नाही ना ते बघा आणि थेट दवाखाना.

८. भरलेल्या जागेची ताकद फार तर पहिल्याच्या ८० टक्के. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली तरी पहिली बैठक पंधरा मिनिटांची. मग पालथं पडून घरच्यांकडून डाग बघून घ्यायचा. अर्ध्या तासात लाली गेली तर उद्या थोडं वाढवायचं, नाही गेली तर पुन्हा पलंग. साहेब फोनवर विचारत, ‘सोमवारी येताय ना?’ मी म्हणे, ‘रविवारी रात्री सांगतो.’