पासोडी आणि तांब्याचा पत्रा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंत राहत असत. त्यांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५. त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. परंतु सर्वांत नवलाची म्हणावी ती त्यांची पासोडी. पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाडेभरडे वस्त्र. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा वस्त्रावर ओव्या लिहून आणि आकृत्या काढून त्यांनी पंचीकरण हा विषय मांडला.

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच तत्त्वांचे मिश्रण म्हणजे पंचीकरण. प्रत्येक तत्त्वाने आपला अर्धा भाग स्वतःजवळ ठेवावयाचा आणि उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे करून इतर चौघांना एकेक द्यावयाचा. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या पृथ्वीत पृथ्वीतत्त्व अर्धेच. बाकीची चार तत्त्वे प्रत्येकी एक अष्टमांश. हा हिशेब नुसता ऐकून ध्यानी राहणे कठीण. आकृती काढली की तो सोपा होतो.

त्याच सुमारास युरोपातील किमयागारही तत्त्वांच्या मिश्रणाचाच विचार करीत होते. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या म्हणजे किमया. आपल्या कथांतील परीस लोखंडाचे सोने करतो. तसाच एक दगड तेही शोधीत होते. मायकेल मायर या जर्मन वैद्याने १६१७ साली ‘अटलांटा फ्यूजिएन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ५० चित्रे आहेत. एका चित्रात वारा आपल्या उदरात बालक वाहून नेतो. दुसऱ्यात पृथ्वी दाई होऊन बालकाला दूध पाजते. शब्दांनी उघड सांगावयाचे नाही ते चित्राने सुचवावयाचे, अशी ही रीत.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. कोरलेल्या रेघांत शाई भरावयाची, पत्रा पुसून घ्यावयाचा, त्यावर ओलसर कागद ठेवून रुळाखाली दाबावयाचा. की चित्र कागदावर उतरे. पुन्हा शाई भरली की दुसरी प्रत. तांब्याचे सोने कोणालाच करता आले नाही. पण त्याच तांब्याने एका चित्राची शेकडो चित्रे केली.

गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. अंबाजोगाईस मात्र तेव्हा बोरू आणि शाई हीच साधने होती. पुण्यात नाना फडणविसांच्या काळी तांब्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याचा उद्योग सुरू झाला आणि १८०५ साली मिरजेस भगवद्गीता तशी छापली गेली. तोवर दासोपंतांना जाऊन १९० वर्षे झाली होती. त्यांच्या हातची पासोडी एकच. झिजलेली, पण जपलेली, ती अजून अंबाजोगाईस आहे.