पंधराव्या वाढदिवसाच्या आत: एचपीव्ही लसीचा हिशेब

‘अजून लहान आहे’, ‘लग्न ठरलं की बघू’, ‘एवढे पैसे एकदम कुठून आणायचे?’ मुलीची एचपीव्ही लस पुढे ढकलताना आया हीच कारणे सांगतात. त्यामागे काळजीच असते. पण ही लस लांबवली की खर्च वाढतो आणि फायदा कमी होतो. ही लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव करते. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास 80 हजार जणी त्याने दगावतात. म्हणून हा हिशेब वेळेत मांडायला हवा.

डोस किती?

9 ते 14 वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन लागतात: पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पहिला डोस पंधराव्या वाढदिवसाआधी झाला असेल, तर दोनच पुरतात. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर लहान वयातही डॉक्टर तीन डोस सुचवतात.

खासगी दवाखान्यातला खर्च

हे लसीचे साधारण दर आहेत. डॉक्टरांची फी वेगळी.

- सर्व्हाव्हॅक (पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, 2023 पासून बाजारात): एका डोसला सुमारे 2,000 रुपये. दोन डोस 4,000, तीन 6,000.
- गार्डासिल: सुमारे 4,000 रुपये. दोन डोस 8,000, तीन 12,000.
- गार्डासिल 9: सुमारे 11,000 रुपये. दोन डोस 22,000, तीन 33,000.

पहिल्या दोन्ही लसी एचपीव्ही या विषाणूच्या 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांपासून संरक्षण देतात. जगभरातल्या सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे 16 आणि 18 हेच प्रकार आहेत. गार्डासिल 9 आणखी पाच प्रकारांवर चालते. परवडत असेल तर ती जरूर घ्या. पण तिच्यासाठी पैसे साठवण्यात वर्षे घालवू नका. आज घेतलेली स्वस्त लस दोन वर्षांनी घ्यायच्या महागड्या लसीपेक्षा चांगली.

पैसे भरण्याआधी

- जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, सरकारी रुग्णालयात किंवा आशाताईंकडे मोफत लसीची चौकशी करा. मुलगी 14 वर्षांची असेल तर नक्कीच करा.
- दवाखान्यात लस, तपासणी आणि टोचणे असा सगळा खर्च मिळून आकडा विचारा. एमआरपी तपासा, बिल घ्या.
- लस 2 ते 8 अंश तापमानातच ठेवावी लागते. मेडिकलमधून आणायची असेल तर ती बर्फाच्या पॅकसोबत थंड डब्यात आणून थेट दवाखान्यात द्या.
- बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये हा खर्च मिळत नाही. आधी विचारून घ्या.
- लसीचे नाव आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या. शक्यतो दुसरा डोसही त्याच लसीचा घ्या.

एकाच डोसाचे पैसे असतील तर?

तरी सुरुवात करा. 2009 मध्ये भारतात दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी, पुणे आणि मुंबईच्या मुलीही होत्या. एप्रिल 2010 मध्ये लसीकरण थांबवावे लागले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षे पाहणी केल्यावर त्या एका डोसानेही 16 आणि 18 प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून भक्कम संरक्षण दिल्याचे दिसले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वर्षे वयासाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. तुमच्या मुलीला तो पुरेल का, याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

मनातल्या शंका

*इतक्या लवकर कशाला?* ही लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही. म्हणून ती विषाणूशी संबंध येण्याआधीच घ्यायची. शिवाय या वयात शरीर तिला उत्तम प्रतिसाद देते. मुलीच्या वागण्याशी लसीचा काही संबंध नाही. तिला एवढेच सांगा: ‘ही कॅन्सर टाळणारी लस आहे.’

*पुढे मूल होण्यात अडचण येईल?* लसीमुळे वंध्यत्व येते, असा कोणताही पुरावा नाही.

*आंध्रात मुली दगावल्या होत्या ना?* 2010 मध्ये खम्मम आणि वडोदरा इथल्या एचपीव्ही लसीकरण प्रकल्पातल्या सात मुलींचे मृत्यू चर्चेत आले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. मात्र पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने संमती दिल्यासारख्या गंभीर त्रुटी सापडल्या. म्हणून प्रश्न विचारणे आणि समजून घेऊनच सही करणे हा तुमचा हक्क आहे.

*त्रास काय होतो?* दंड दुखतो, कधी थोडा ताप येतो. काही मुलींना चक्कर येते, त्यामुळे लस दिल्यावर पंधरा मिनिटे तिथेच बसवा. अंगात जास्त ताप असेल तर तारीख पुढे घ्या. यीस्टची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

आणि तुमचे काय?

लस घेतलेल्या मुलीलाही पुढे गर्भाशयमुखाची तपासणी लागतेच. तुम्ही तिशी ओलांडली असेल, तर तुम्हाला ती आत्ताच हवी. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुलीच्या लसीची वेळ घ्याल, तेव्हाच स्वतःच्या तपासणीचीही घ्या.